तासांची थंडी: कन्हेरी परिसरातले शरद आणि हेमंत

बारामती-इंदापूर पट्ट्यातली थंडी महिन्यांपेक्षा तासांनी मोजावी लागते. डिसेंबरात इथे पहाटेचे तापमान साधारण १२-१३ अंशांपर्यंत उतरते आणि त्याच दिवशी दुपारी पारा ३० अंशांच्या आसपास जातो. पहाटे कानटोपी घालून धार काढायला बसलेला माणूस दुपारी लिंबाच्या सावलीत बाह्या दुमडून बसलेला असतो. हिमालयाच्या पायथ्याशी किंवा युरोपात थंडी आली की ती दिवस-रात्र मुक्काम करते, आणि तिथली घरे, कपडे, खाणे त्या मुक्कामासाठी घडलेले असतात. कन्हेरी, काटेवाडी, भवानीनगर या गावांत थंडी सूर्यास्तानंतर येते आणि सकाळी नऊ-दहाच्या सुमारास जाते. इथले अंथरूण-पांघरूण, चुलीवर शिजणारे अन्न आणि माणसांच्या चालण्या-फिरण्याच्या वेळा या येण्याजाण्याशी जुळवून घेतलेल्या आहेत.

याचे कारण आधी जमिनीत आणि मग आकाशात शोधावे लागते. हा भाग सह्याद्रीच्या पूर्वेला, पर्जन्यछायेत आहे. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे साडेपाचशे मीटर, वर्षाचा पाऊस सरासरीने ५०० मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात पडणारा. घाटमाथ्यावर जुलैत धो-धो पाऊस कोसळत असतो, तेव्हा इथे नुसते ढग पळताना दिसतात. खरा आधार परतीच्या पावसाचा. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात मोसमी वारे साधारणपणे माघार घेतात आणि ओल्या जमिनीवर लख्ख ऊन पडू लागते. ओल आणि ऊन एकत्र आल्याने हवा कोंदट होते, अंगाला घाम सुटतो. ही ऑक्टोबर हीट. शरदाचा हा पहिला तुकडा सुखाचा नसतो, हे मान्य करायला हवे. दिवाळीच्या आगेमागे वारे ईशान्येकडून, जमिनीवरून वाहू लागतात, हवा कोरडी होते आणि रात्री निरभ्र होतात. दिवसभर तापलेल्या जमिनीची उष्णता रात्री आकाशाकडे निघून जाते. ढग किंवा बाष्प असते तर त्यांनी तिचा बराच भाग अडवून धरला असता. कोरड्या, मोकळ्या आकाशात तो अडथळा उरत नाही. पहाटेपर्यंत जमीन हवेपेक्षाही गार होते, गवताच्या पात्यांवर दव जमते, आणि थंड हवा जड असल्याने उताराने खाली सरकत ओढ्याच्या काठी साचते. ओढ्याजवळच्या वस्तीला गावठाणापेक्षा जास्त गारठा लागतो तो यामुळे.

राज्याला कन्हेरी माहीत आहे ती तिथल्या मारुतीच्या देवळामुळे. पवार कुटुंबाच्या निवडणूक प्रचाराचा नारळ वर्षानुवर्षे तिथे फुटत आला आहे. पण थंडीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. बारामती तालुक्यात दोन प्रकारची जमीन शेजारी शेजारी नांदते. एक बागायत पट्टा, नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर उसाने हिरवा झालेला. हा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला. दुसरा जिरायत माळ, जिथे ज्वारी, बाजरी, हुलगा आणि गवत यांचेच राज्य. शरद-हेमंतातली ऊब मुख्यतः या दुसऱ्या, कोरड्या जमिनीने दिलेली आहे.

पांघरुणांपासून सुरुवात करावी, कारण त्यांचे काम दिवाळीच्याही आधी सुरू होते. नवरात्रात घट बसण्यापूर्वी घरातल्या सगळ्या गोधड्या आणि वाकळा धुवायच्या, ही पश्चिम महाराष्ट्राच्या खेड्यांतली पक्की रीत आहे. कालव्याच्या, ओढ्याच्या किंवा नदीच्या काठी बायका-पुरुष मिळून अंथरुणे आपटतात आणि काठावरच्या झुडपांवर, खडकांवर वाळत घालतात. या रीतीमागे सोवळ्याओवळ्याची कल्पना आहे, तशी सोयही आहे. पावसाळ्यात दमट झालेले कापड थंडीपूर्वी एकदा कडक उन्हात वाळणे गरजेचे असते, आणि त्या वेळी पाणीही भरपूर असते.

गोधडी धुता येते हेच तिचे मोठे वैशिष्ट्य. उत्तर भारतातल्या रजईत कापूस भरलेला असतो. ती धुतली तर कापसाचे गोळे होतात. गोधडीत भरण म्हणून कापडच असते. वर-खाली जुनी लुगडी, मध्ये धोतरांचे, सदऱ्यांचे, मुलांच्या कपड्यांचे तुकडे सपाट पसरलेले, आणि सगळ्यांना एकत्र बांधणारा धावदोरा. ऊब देण्याचे काम कापडापेक्षा थरांमध्ये अडकलेली हवा करते. अनेक पातळ थर म्हणजे स्थिर हवेचे अनेक पातळ पडदे. बारा अंशांच्या रात्रीला एवढे पुरते. दोन अंशांच्या रात्रीला गोधडी कमी पडली असती आणि कोकणातल्या वीस अंशांच्या रात्रीला जाड गोधडी नकोशी झाली असती. दख्खनच्या पठारावर ती बरोबर बसते.

शिवण्याची वेळ दुपारची. सकाळची कामे आटोपली की अंगणात किंवा ओसरीवर खालचे लुगडे ताणून पसरले जाते, चारी कोपऱ्यांवर वजन ठेवले जाते आणि त्यावर तुकड्यांचा थर लागतो. तुकड्यांच्या कडा एकमेकांवर थोड्या चढतील पण उंचवटा होणार नाही, अशा रीतीने ते मांडणे हे गोधडीतले सर्वांत अवघड काम आहे. उंचवटा राहिला तर झोपताना पाठीला टोचतो आणि दोरा तिथेच आधी झिजतो. वरचे लुगडे पसरल्यावर मोठे, तात्पुरते टाके घालून सगळे थर जागेवर धरतात. मग कडेपासून टाके घालत आत आत जायचे, किंवा एका कडेपासून दुसरीपर्यंत समांतर ओळी टाकायच्या. ओळी जितक्या जवळ, तितकी गोधडी टिकाऊ आणि तितकीच कडक. तान्ह्या बाळासाठीची गोधडी म्हणून विरळ ओळींची आणि फार धुतलेल्या, मऊ सुती कापडाची असते. नव्या कापडाची गोधडी दिसायला छान, पण ती अंगाशी लवकर जुळत नाही. सुती लुगडी घरातून कमी होत गेली आणि कृत्रिम धाग्याच्या साड्या आल्या, तसा हा मऊपणा दुर्मिळ झाला. त्या साड्या लवकर फाटत नाहीत, पण घाम टिपत नाहीत आणि सुईखालून निसटतात. अलीकडे बचत गटांच्या आणि शहरी दुकानांच्या गोधड्या पुन्हा सुती कापडाकडे वळल्या आहेत, हे चांगलेच झाले.

गोधडी घराच्या आतली, तर घोंगडी उघड्यावरची. बारामती, इंदापूर, फलटण, पुरंदर हा धनगरांचा आणि दख्खनी मेंढीचा मुलूख आहे. आषाढात तुकाराम महाराजांची पालखी कन्हेरीशेजारच्या काटेवाडीत येते, तेव्हा पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. मेंढीला इथल्या जीवनात काय स्थान आहे, ते त्या रिंगणात दिसते. पावसाळा सरला की अनेक कळप वाड्यांनी, म्हणजे काही कुटुंबांच्या तांड्यांनी, घाट उतरून कोकणाकडे निघतात. वाटेत शेतकरी रात्री शेतात मेंढ्या बसवून घेतात. जमिनीला लेंड्यांचे खत मिळते आणि मेंढपाळाला धान्य किंवा पैसे. लोकर वर्षातून साधारण दोनदा कातरली जाते, त्यातली एक कातरणी पावसाळ्यानंतरची.

दख्खनी लोकर राठ असते. अंगाला ती टोचते, म्हणून तिचा स्वेटर होत नाही, पण घोंगडीसाठी तीच योग्य. लोकर पिंजून, चातीवर किंवा चरख्यावर कातून तिचे सूत करतात. पारंपरिक विणकर सणगर समाजाचे. खड्डामागावर पट्ट्या विणायच्या आणि चिंचोक्याची खळ देऊन त्यांना कडकपणा आणायचा, ही त्यांची पद्धत. कोकराच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीला जावळ म्हणतात, आणि जावळाची घोंगडी सर्वांत मऊ व महाग. लोकरीचा तंतू स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याएवढी वाफ शोषूनही कोरडा भासतो. दवात भिजलेल्या माळावर रात्र काढणाऱ्या माणसाला हा गुण किती मोलाचा आहे ते वेगळे सांगायला नको. त्याची घोंगडी हेच अंथरूण, हेच पांघरूण आणि पावसात तीच डोक्यावरची खोळ.

सुयांवरचे विणकाम या मुलखात बाहेरून आले. सुयांवर विणण्याचे जुने नमुने इजिप्तमध्ये सापडले आहेत. भारतात ते मुख्यतः युरोपीय मिशनरी शाळांतून पसरले आणि विसाव्या शतकात मराठी मध्यमवर्गीय घरांत स्थिरावले. बारामतीसारख्या गावांत आज दुकानात मिळणारी ‘लोकर’ बहुतेक वेळा अॅक्रिलिकची असते. ती धुवायला सोपी आणि स्वस्त, पण खऱ्या लोकरीसारखी ओल सांभाळत नाही. इथल्या हवेला लहान वस्तू शोभतात: कानटोपी, मफलर, पायमोजे, बाळाचे टोपडे, बिनबाह्यांचा स्वेटर. पूर्ण बाह्यांचा जाड स्वेटर दहा वाजता काढून खांद्यावर टाकावा लागतो.

सगळे विणकाम दोनच टाक्यांवर उभे आहे, सुलट आणि उलट. सुलट टाक्याचा फासा पुढे उठतो, उलट टाक्याचा मागे दबतो. दोन सुलट, दोन उलट असे आलटून पालटून विणले की उठलेल्या ओळी एकमेकींकडे ओढल्या जातात आणि पट्टी आक्रसते. ताणली की ती सुटते, सोडली की पुन्हा आक्रसते. टोपीची कड, मोज्याचा वरचा भाग, स्वेटरचा गळा अशाच विणीचे असतात. नवशिक्याने थेट टोपीला हात घालू नये. चार इंच रुंद चौकोन विणून त्यात किती टाके बसले ते मोजावे आणि डोक्याच्या घेराशी हिशेब जुळवावा. प्रत्येकाचा हात सैल किंवा घट्ट असतो, म्हणून पुस्तकातला आकडा दुसऱ्याच्या हाताला लागू पडेलच असे नाही. एका सुईचे क्रोशाकाम याहून सोपे वाटते. साखळी, मुका खांब आणि खांब एवढ्यावर रुमाल, तोरणे, बाळाच्या टोप्या होतात. क्रोशाची वीण मात्र जाळीदार, त्यामुळे ऊब कमी.

स्वयंपाकघराचा शरद कोजागरीच्या आटवलेल्या दुधापासून सुरू होतो आणि दिवाळीच्या फराळात भरास येतो. फराळातल्या अनारशाला हवामानाची पारख असते. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचे, मग निथळून दमट असतानाच दळायचे आणि गुळात मिसळून गोळा मुरवत ठेवायचा. या काळात पिठात सौम्य आंबण होते. त्यानेच तळताना जाळी पडते. खसखशीवर थापलेला अनारसा खसखस वर ठेवून तुपात सोडतात आणि उलटत नाहीत. गूळ जास्त झाला किंवा तूप गार राहिले तर अनारसा हसतो, म्हणजे कढईतच विस्कटतो. दमट ऑक्टोबरात पीठ लवकर मुरते, थंडी पडल्यावर त्याला जास्त दिवस लागतात. मुरलेले पीठ थंड हवेत टिकतेही चांगले, म्हणून सुगरणी ते थोडे मागे ठेवतात आणि पाहुणा आला की चार अनारसे तळतात.

दिवाळीनंतर ताटात बाजरी येते. दसऱ्याच्या सुमारास काढलेली नवी बाजरी तोवर वाळून कणगीत गेलेली असते. बाजरीचे पीठ फार दिवस ठेवू नये, असे जुनी माणसे सांगतात आणि ते शास्त्राला धरून आहे. बाजरीत स्निग्धांश ज्वारीपेक्षा जास्त असतो. दळताना तो उघडा पडतो, पिठातली विकरे त्याचे विघटन करतात आणि पीठ कडवट होते. उन्हाळ्यात हे काही दिवसांत घडते, थंडीत सावकाश. म्हणून थंडीतली बाजरी अधिक गोड लागते. बाजरीत चिकटपणा आणणारे गव्हासारखे प्रथिन नाही. गरम पाण्यात मळल्याने पिष्ट फुलते आणि भाकरी थापण्याइतकी धरून राहते. तव्यावर वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची आणि मग आरावर फुगवायची. सोबत वांग्याचे भरीत, लसणाची चटणी, लोणी आणि गूळ. या ताटाला कशाचीही उणीव नाही.

जिरायत पट्ट्याचा खरा थंडीतला पदार्थ मात्र हुलग्याचा. कोकणात ज्याला कुळीथ म्हणतात तो हुलगा खडकाळ, पातळ जमिनीत नगण्य पाण्यावर येतो. त्याच्या पिठाचे माडगे आजारी माणसाला आणि बाळंतिणीला दिले जाते. शेंगोळी ही त्याची सणाची नव्हे, पण थंडीच्या रात्रीची हमखास मेजवानी. हुलग्याच्या पिठात लसूण, जिरे, मिरची वाटून घालायची, पीठ घट्ट मळायचे आणि तेलाच्या हाताने तळहातावर वळून लांबट वेटोळी करायची. फोडणीच्या पाण्याला खळखळून उकळी आली की ती एकेक सोडायची. उकळी मंद असताना सोडली तर ती विरघळतात. शिजताना थोडे पीठ पाण्यात उतरते आणि रस्सा आपोआप दाट होतो. वाडग्यात वाढलेली शेंगोळी पातळ रश्शासकट, चुलीपासून फार लांब न जाता खायची.

शेतात याच काळात हरभरा पसरतो. त्याचे कोवळे शेंडे खुडून भाजी करतात. खुडणीने झाडाला जास्त फांद्या फुटतात, म्हणजे भाजी मिळते आणि पीकही वाढते. हरभऱ्याच्या पानांवर मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लांचा आंबट स्राव असतो. पूर्वी रात्री पिकावर स्वच्छ पांढरे फडके पसरून दवाबरोबर तो टिपून घेत आणि पिळून जमा करत. ही आंब पोटदुखीवर घरगुती औषध म्हणून ठेवली जाई.

हेमंत उतरणीला लागतो तेव्हा हुरडा येतो. रब्बी ज्वारीची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत होते. पुढे पाऊस जवळपास नसतोच. काळ्या जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवर पीक वाढते. या भागात मालदांडीचा मान मोठा. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेला एम ३५-१ हा वाण त्याच कुळातला. डिसेंबर-जानेवारीत कणसातला दाणा चिकाळ अवस्था ओलांडून मऊ, हिरवट होतो. त्या वेळी दाण्यात साखर भरपूर असते आणि तिचे पिष्टात रूपांतर पूर्ण झालेले नसते. हुरड्याची गोडी या अर्धवटपणात आहे, आणि ती थोडेच दिवस टिकते. हुरड्यासाठी गूळभेंडी, सुरती असे खास वाण बांधाकडेला पेरतात, कारण त्यांचा दाणा भुसापासून सहज सुटतो. जमिनीत खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवतात, आरात कणसे खुपसतात आणि भाजलेले कणीस गरम असतानाच तळहातावर चोळून दाणे काढतात. चोळणाऱ्याचे हात पोळतात, म्हणून हे काम सवयीच्या माणसाकडे असते. बरोबर शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ, बोरे.

बागायत पट्ट्यात हे दिवस फार वेगळे असतात. माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरचा छत्रपती या सहकारी कारखान्यांचे गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होते. दसरा झाला की बीड, अहिल्यानगर भागांतली ऊसतोड कुटुंबे इथे येतात, उसाच्या पाचटाच्या कोप्या उभारतात आणि पहाटेच्या गारठ्यात फडात उतरतात. दव पडलेल्या उसाच्या पात्यांनी हात चिरतात, कपडे भिजतात. याच थंडीत त्यांची मुले फडाच्या कडेला, शेकोटीपाशी बसलेली असतात. थंडीच्या सुखाबद्दल लिहिताना या कुटुंबांना वगळणे अप्रामाणिक ठरेल, कारण गुऱ्हाळावरची गरम काकवी आणि घराघरातली गूळ-साखर त्यांच्याच हातून येते.

फिरण्याची वेळ पहाट नव्हे, सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत गावोगावच्या देवळांत काकडा असतो आणि त्यासाठी माणसे अंधारातच घराबाहेर पडतात. पण ती गावातली, बरोबरीने जाण्याची वाट. शेताकडे किंवा माळाकडे जाताना उजाडू द्यावे. ऊसपट्ट्यात आता बिबट्याचा वावर आहे. माळावर फुरसे आणि घोणस हे दोन विषारी साप राहतात, आणि घोणस थंडीतही फिरते. पायांत बूट, हातात काठी आणि पाऊल दिसेल असा उजेड एवढे पथ्य पुरते.

माळावर पहिली भेट गवताची. पवन्या, मारवेल आणि कुसळी या जाती ऑक्टोबरात बिया धरतात आणि नोव्हेंबरात सोनेरी होतात. कुसळीचे कुसळ चालणाऱ्याच्या पायजम्याला चिकटते, ते उगाच नाही. त्याच्या लांब केसाला पीळ असतो. दवाने भिजले की पीळ उलगडतो, ऊन लागले की पुन्हा आवळतो. जमिनीवर पडलेले बी या रोजच्या फिरण्याने गिरमिटासारखे मातीत शिरते. तेच कुसळ मेंढीच्या लोकरीत घुसून कातडीला जखम करते, म्हणून मेंढपाळ पिकलेल्या कुसळीचा माळ टाळतात.

ओसाड दिसणारा हा माळ वन्यजीवांनी भरलेला आहे. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झाले. क्षेत्र अवघे ५.१४ चौरस किलोमीटर, पण त्यात चिंकारा सहज दिसतो. इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या गवताळ रानात चिंकाऱ्याबरोबर लांडगा आणि खोकड आहेत. ही राने पडीक समजून त्यांवर झाडे लावण्याची किंवा ती नांगरण्याची घाई दीर्घकाळ झाली. गवताच्या माळाला झाडांचा आग्रह करणे ही मोठी चूक होती, कारण चिंकारा आणि लांडगा दोघांनाही लांबवर नजर जाणारी मोकळी जागा लागते. हिवाळ्यात याच मोकळ्या माळावर मध्य आशियातून भोवत्या येतात. हे शिकारी पक्षी गवताला लागून, पंख किंचित वर धरून घिरट्या घालतात. गुलाबी अंगाच्या भोरड्यांचे थवे त्यांच्याआधीच पोचलेले असतात आणि ज्वारी दाण्यात आली की शेतावर तुटून पडतात. मग माळ्यावर गोफण घेऊन राखण बसते. भोरड्या टोळ आणि किडेही खातात, पण कणसावर बसलेल्या थव्यापुढे शेतकऱ्याला तो हिशेब पटवून देणे कठीण.

दूरच्या फेरीसाठी भिगवण आहे. भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि त्याचे मागे पसरलेले पाणी भिगवण, कुंभारगाव, डिकसळपर्यंत आले. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब तिथे थंडीच्या सुरुवातीपासून उतरतात. रोहित पक्ष्यांच्या मोठ्या थव्यांसाठी मात्र दिवाळीच्या सुट्टीत जाणारे निराश होतात. रोहित आपली वाकडी चोच पाण्यात उलटी धरून उथळ चिखलातले शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातो. धरण काठोकाठ भरलेले असताना असा उथळ चिखल फार थोडा असतो. शेतीसाठी पाणी सुटत जाते, पातळी उतरते आणि चिखलाचे पट्टे उघडे पडतात, तेव्हा त्यांची संख्या वाढते. त्यामुळे कुंभारगावच्या मच्छीमारांची होडी जानेवारीपासून मार्चपर्यंत घ्यावी, आणि सकाळी लवकर घ्यावी. दहानंतर वारा सुटतो, पाणी हलते आणि अंगावरचा स्वेटरही तोपर्यंत नकोसा झालेला असतो.